टपालाने आलेली गाणी

कंट्री म्युझिक ह्या नावाने अमेरिकेत जे गाणे ओळखले जाते, त्याचा इतिहास सांगणारे लोक बहुधा टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरापासून आरंभ करतात. तिथली नाट्यगृहे, ध्वनिमुद्रणाच्या खोल्या, चमकदार कपडे ल्यालेली गायक मंडळी ह्यांचे वर्णन आधी करावे आणि मग जरा मागे वळून डोंगरातल्या जुन्या फिडलवाल्यांची विचारपूस करावी, असा शिरस्ताच पडून गेला आहे. मला ही वाट आडवळणाची वाटते. गाणाऱ्याकडून न निघता ऐकणाऱ्याच्या दाराशी उभे राहून हा इतिहास पाहिला, तर पहिली गाठ पडते ती पोस्टमनशी. आपण ज्याला आज 'जुने, अस्सल, अभिजात कंट्री' म्हणतो ते काय आणि कोणते, हे ठरवण्यात नॅशव्हिलच्या सूत्रधारांचा वाटा आहेच. पण टपालाने माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांचाही तितकाच आहे. त्यांपैकी पुष्कळांना गाण्यातले ओ की ठो कळत नव्हते, हे आणखी विशेष.

अमेरिकेच्या दक्षिण भागातला आणि मैदानी मुलखातला शेतकरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गावच्या दुकानदाराच्या मुठीत होता. उधारी त्याच्याकडे, भाव तो सांगेल तो, आणि माल असेल तो. १८७२ साली शिकागोच्या अ‍ॅरन माँटगोमेरी वॉर्डने वस्तू व त्यांच्या किमती छापलेला एक साधा कागद खेड्यापाड्यांत पाठवला, आणि दुकानदाराची ती मूठ सैल होऊ लागली. पुढे रिचर्ड सीअर्स नावाच्या रेल्वे स्टेशनवरच्या एका एजंटाने घड्याळे विकता विकता 'सीअर्स, रोबक' ही पेढी उभी केली. तिचे जाडजूड सूचीपत्र घरोघर पोचले. नांगराच्या फाळापासून शिवणयंत्रापर्यंत सगळे त्यात असे, आणि त्यातच फिडल, बँजो व गिटारही असे. टपालखात्याने १८९६ मध्ये शेतकऱ्याच्या दारापर्यंत पत्रे पोचवण्याचा प्रयोग सुरू केला. १ जानेवारी १९१३ पासून मोठी पार्सलेही टपालाने जाऊ लागली. त्याआधी चार पौंडांवरचा डाग टपालखाते घेतच नसे. आपल्याकडच्या व्ही. पी.सारखी, माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोयही त्याच वर्षी झाली. जाता जाता एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दुकानात गेल्यावर सगळे गोरे गिऱ्हाईक आटोपेपर्यंत ज्याला ताटकळत उभे राहावे लागे, त्या काळ्या शेतकऱ्यालाही हे सूचीपत्र वरदानासारखे वाटले. पत्राला कातडीचा रंग नसतो.

डोंगरातल्या पोरांच्या हाती गिटार आली ती पुष्कळदा ह्याच वाटेने. तेव्हा गाण्याच्या तबकड्या टपालाने येण्यापूर्वी गाण्याची हत्यारे टपालाने येऊन पोचली होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आता तबकड्यांकडे वळू. जून १९२३ मध्ये ओके कंपनीचा राल्फ पीअर ध्वनिमुद्रणाचे सामान घेऊन अटलांटाला गेला. तिथल्या पोक ब्रॉकमन ह्या फर्निचरच्या व्यापाऱ्याने त्याला गळ घातली की, फिडलिंग जॉन कार्सन ह्या म्हाताऱ्याचे गाणे घ्याच. फर्निचरवाल्याचा तबकड्यांशी काय संबंध, असे कोणी विचारील. तर त्या काळी ग्रामोफोन हे एक लाकडी कपाटच असे आणि ते खुर्च्या-टेबलांच्या दुकानातच विकले जाई. पीअरला ते गाणे अगदी भिकार वाटले. पाचशे तबकड्या काढून ब्रॉकमनच्या हवाली कराव्यात आणि मोकळे व्हावे, असा त्याचा बेत होता. त्या पाचशे पाहता पाहता संपल्या. शहरातल्या जाणत्या माणसाला जे भिकार वाटते त्यालाही गिऱ्हाईक असते, हा धडा कंपन्यांना मिळाला. चार वर्षांनी, १९२७ च्या जुलैअखेर व ऑगस्टच्या आरंभी, ह्याच पीअरने व्हिक्टर कंपनीसाठी टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी मुक्काम ठोकला आणि कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स ही दोन नावे एकाच आठवड्यात पदरात पाडून घेतली.

ह्याच सुमारास सीअर्स पेढीने नवी उडी घेतली. एप्रिल १९२४ मध्ये तिने शिकागोत डब्ल्यू. एल. एस. हे रेडिओ केंद्र सुरू केले. ह्या तीन अक्षरांचा अर्थ 'जगातले सर्वांत मोठे दुकान' असा होता. नाव ठेवण्यात विनयाला थारा नव्हता. केंद्र निघून आठवडा होतो न होतो तोच 'नॅशनल बार्न डान्स' हा शनिवार रात्रीचा कार्यक्रम सुरू झाला. १९२६ पासून तिथे ब्रॅडली किंकेड गाऊ लागला. हा केंटकीचा, शिकागोला शिकायला आलेला. 'हिलबिली', म्हणजे डोंगरातला गावंढळ, हा शब्द त्याला मुळीच खपत नसे. आपण गातो ती आपल्या माणसांची जुनी, निर्मळ गाणी आहेत, असा त्याचा आग्रह होता. श्रोत्यांची पत्रे येऊ लागली: तुम्ही परवा म्हटलेले गाणे लिहून पाठवाल का? इतक्या पत्रांना हाताने उत्तरे देणे अशक्य झाले, तेव्हा १९२८ साली त्याने आपल्या गाण्यांचे एक पुस्तक छापले आणि ते टपालाने विकले. त्याचा खप लाखाच्या घरात गेला.

माझ्या मते टपालाने विकल्या जाणाऱ्या संकलनांचा मूळ पुरुष हाच. त्यात ध्वनी नव्हता; चाल रेडिओवरून ऐकायची आणि शब्द पुस्तकातून घ्यायचे. पण निवड होती. शेकडो गाण्यांतून ही ठेवावी, ही गाळावी असे एका माणसाने ठरवले होते. ती का ठेवली ह्याचे चार शब्द होते, आणि 'हे तुमच्या आजीचे गाणे आहे' असा एक मूक दिलासा होता. पुढच्या साठ वर्षांत जे संच निघाले त्यांचा सारा संसार ह्या तीन गोष्टींवरच चालला.

सीअर्सच्या सूचीपत्रात तबकड्यांची पानेही होती. पेढी स्वतः तबकड्या काढत नसे; दुसऱ्यांच्या घेऊन त्यांवर आपली चिठ्ठी डकवी. सिल्व्हरटोन, सुपरटोन, चॅलेंज, कॉन्करर अशी ह्या चिठ्ठ्यांची नावे. वॉर्ड पेढीनेही आपल्या नावाच्या तबकड्या काढल्या आणि व्हिक्टरने मुद्रित केलेले रॉजर्स व कार्टर कुटुंब त्या मार्गाने स्वस्तात खेड्यांत पोचले. ह्या व्यवहारात एक गैर प्रकार सर्रास चाले: गायकाचे नाव बदलून टाकायचे. व्हर्नन डालहार्ट ह्या गायकाची टोपणनावे शंभरावर भरतात. एकाच तबकडीला दोन दुकानांत दोन बाप. आज संशोधकांना त्यांचा मेळ घालताना नाकी नऊ येतात; त्या काळच्या शेतकऱ्याला मात्र त्याचे सोयरसुतक नव्हते. त्याला गाणे हवे होते. कॉन्कररच्या तबकड्यांचा गाजावाजा डब्ल्यू. एल. एस.वरून होई, आणि जीन ऑट्री हा पुढे सिनेमात गाजलेला गायक ह्याच जोडगोळीमुळे वर आला. तबकडी सीअर्सची, कार्यक्रम सीअर्सच्या पैशाचा आणि ऑट्रीच्या नावाची गिटारही सीअर्सच्याच सूचीपत्रात! पुढे एकच माल रेडिओ, टपाल आणि सिनेमा ह्या तिन्ही वाटांनी विकण्याची जी कला अमेरिकेने जगाला शिकवली, तिचा हा पहिला गिरवलेला कित्ता.

मग मंदी आली. १९२७ मध्ये अमेरिकेत सुमारे दहा कोटी तबकड्या खपल्या होत्या. १९३२ मध्ये साठ लाखही धड खपल्या नाहीत. रॉजर्स १९३३ च्या मेमध्ये क्षयाने वारला. तबकडी घेण्याची ऐपत नसलेल्या लोकांना रेडिओ तेवढा उरला. त्यातला सर्वांत मोठा आवाज येई तो मेक्सिकोच्या हद्दीतून. कॅन्सस राज्याने १९३० साली जॉन ब्रिंक्ली ह्या वैद्याची सनद काढून घेतली. बोकडाच्या ग्रंथी माणसाला बसवून तारुण्य परत आणून देतो, असा त्याचा दावा होता. त्याने नदीपलीकडे व्हिया आकुन्या येथे जाऊन प्रचंड ताकदीचे केंद्र उभारले. अमेरिकन कायदा तिथे पोचत नव्हता. आवाज मात्र अमेरिकेच्या कानाकोपऱ्यांत पोचत होता. १९३८ पासून कार्टर कुटुंब टेक्सासला जाऊन ह्या सरहद्दीवरच्या केंद्रावर गाऊ लागले. मधूनमधून पाठीच्या दुखण्यावरची औषधे, केस काळे करण्याची द्रव्ये, आणि 'आपले नाव व पत्ता लिहून पाठवा' हा घोष. आलेल्या पत्रांच्या संख्येवर पैसे मोजले जात. त्यात भोंदूपणा होता, हे उघड आहे. पण ह्याच भोंदूच्या मनोऱ्यावरून कार्टर कुटुंबाची गाणी अशा घरांत पोचली, जिथे त्यांची एकही तबकडी कधी गेली नव्हती.

युद्धानंतरची गोष्ट निराळी. शहरांतल्या गिरण्या-कारखान्यांकडे दक्षिणेतले लक्षावधी लोक गेले. डेट्रॉइट, शिकागो, सिनसिनाटी, अ‍ॅक्रन ही त्यांची नवी ठिकाणे. ज्याने गाव सोडले त्याला गावचे गाणे अधिकच प्रिय होते. मुंबईच्या गिरणगावाने कोकण आणि घाट कसे उराशी धरून ठेवले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. परंतु शहरातल्या दुकानांत ह्या तबकड्या मिळत नसत. दुकानदार त्या ठेवायला लाजत. एर्नेस्ट टब हा त्या वेळचा मोठा लोकप्रिय गायक. त्याच्याकडे तक्रारींची पत्रे येत की, तुमची तबकडी कुठे शोधावी? त्याने १९४७ च्या मेमध्ये नॅशव्हिलला स्वतःचेच तबकड्यांचे दुकान काढले. शनिवारी रात्री 'ग्रँड ओल ऑप्री' संपली की त्या दुकानातूनच 'मिडनाइट जँबोरी' हा कार्यक्रम रेडिओवर होई आणि टपालाने मागणी कशी पाठवावी हे त्यात सांगत. ह्याच काळात सिनसिनाटीच्या केंद्रावरून वेन रेनी हा गायक टपालाने लक्षावधी माउथऑर्गन विकत होता. रात्री अकरानंतर रेडिओ लावून बसणारे, आणि शहरात जागा नसलेले, असे एक मोठे राष्ट्र अमेरिकेच्या पोटात होते. ते नकाशावर नव्हते. टपालखात्याच्या वह्यांत होते.

लाखेच्या तबकड्या टपालात फुटत, ही ह्या धंद्याची कायमची डोकेदुखी. १९४८ साली कोलंबिया कंपनीने व्हिनिलची लाँग प्ले तबकडी काढली, आणि ती डोकेदुखी संपली. नवी तबकडी हलकी होती, सहसा फुटत नसे आणि तिच्यावर बारा गाणी सहज मावत. पूर्वी 'आल्बम' म्हणजे खरोखरीचेच पुठ्ठ्याचे बाड असे. त्याच्या पानांच्या पिशव्यांत एकेक तबकडी घालत. आता ते सारे बाड एका तबकडीत आले. संकलन विकायला ह्याहून सोयीचे वाहन मिळणे शक्य नव्हते. टेक्सासात १९५२ मध्ये निघालेल्या आणि पुढे डॉन पिअर्सने नॅशव्हिलजवळ नेलेल्या स्टारडे कंपनीने हे चटकन ओळखले. मोठ्या कंपन्यांनी टाकून दिलेल्या जुन्या गायकांना तिने जवळ केले आणि भडक रंगांच्या वेष्टनांतले संग्रह टपालाने खपवले. वेष्टने पाहून नाक मुरडावे अशीच होती. आत मात्र सोने होते.

कोलंबियाने १९५५ मध्ये रेकॉर्ड क्लब काढला. सभासदाला एक तबकडी फुकट, मग महिन्याला एक पत्र. 'नको' असे उलट टपाली कळवले नाही तर माल आपोआप दाराशी हजर. ही युक्ती पुस्तकांच्या क्लबाने आधीच रूढ केली होती. माणसाच्या आळसावर इतका भक्कम इमला दुसऱ्या कोणी उभारला असेल असे मला वाटत नाही. १९७३ मध्ये सरकारला त्यासाठी नियम करावे लागले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ह्या क्लबाचे जे आरंभीचे विभाग होते त्यांत अभिजात संगीत होते, जाझ होते, ब्रॉडवेची नाटके होती. कंट्रीला स्वतःचा विभाग नव्हता. तो मागाहून मिळाला. टपालाने गाणे विकत घेण्याची सवय ज्या लोकांना सर्वांत जुनी, त्यांनाच पंगतीत शेवटी पान वाढले गेले.

टेलिव्हिजनने मात्र ही कसर भरून काढली. कॅनडातल्या विनिपेगचा फिलिप काइव्ह्ज १९६२ पासून टेलिव्हिजनवर न चिकटणारे तवे विकत असे. १९६६ मध्ये त्याने पंचवीस कंट्री गायकांची गाजलेली पंचवीस गाणी एका तबकडीवर घालून ती तशीच विकली. के-टेल ह्या पुढे जगभर पसरलेल्या कंपनीचे हे पहिले संकलन. तवा विकण्याची आणि गाणे विकण्याची भाषा एकच: इतके सारे, एवढ्याशा पैशांत! १९७९ साली अमेरिकेत स्लिम व्हिटमनचा 'ऑल माय बेस्ट' हा संच केवळ टेलिव्हिजनवरच्या जाहिरातीने आणि टपालाने दहा लाखांवर खपला. ह्या व्हिटमनची कथा गमतीची आहे. उमेदवारीच्या काळात गाण्यावर पोट भरेना म्हणून तो पोस्टमनचे काम करी. १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये त्याचे एक गाणे सलग अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. मायदेशात मात्र पुढे त्याचे नाव विस्मरणात गेले. त्याला ते परत मिळवून दिले टपालानेच.

सुशिक्षितांनी ह्या जाहिरातींची यथेच्छ टवाळी केली. रात्री उशिरा, स्वस्त वेळात लागणाऱ्या त्या. खाली पळणारी गाण्यांची नावे, घाईघाईने सांगितलेला पत्ता. टवाळीला जागा होती. तबकडीच्या एका बाजूला पंचवीसेक मिनिटांहून जास्त गाणे कोंबले की खाचा अरुंद कराव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. म्हणून गाण्यांची कडवी छाटली जात. त्याहून वाईट म्हणजे पुष्कळ संचांत मूळ मुद्रण नसेच. गायकाने कंपनी बदललेली असे. तेव्हा वीस वर्षांनी, थकलेल्या गळ्याने, तेच गाणे पुन्हा म्हणवून घेतलेले असे, आणि ही गोष्ट वेष्टनावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली असे. ज्याने तरुणपणी ऐकलेल्या आवाजासाठी पैसे पाठवले त्याच्या हाती त्या आवाजाची सावली यावी, ही फसवणूकच म्हटली पाहिजे.

तरीही टवाळखोरांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. पन्नाशीच्या अखेरीस नॅशव्हिलने व्हायोलिनांचे ताफे आणि गोड कोरस लावून आपले गाणे शहरी कानांना रुचेलसे केले. जुन्या तबकड्या कंपन्यांच्या सूचीतून एकामागून एक गळाल्या. अशा वेळी डेट्रॉइटच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाने हँक विल्यम्सच्या पिढीचे गाणे मिळवायचे कुठून? दुकानात नाही, रेडिओवर नाही. उरला तो पत्ता.

ह्या टपालाच्या मार्गाने विद्वत्ता आली ती १९८१ मध्ये. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने आठ लाँग प्ले तबकड्यांचा, १४३ मुद्रणांचा अभिजात कंट्री संगीताचा संच काढला आणि तोही प्रामुख्याने टपालानेच विकला. निवड बिल मलोन ह्यांची. हे पूर्व टेक्सासातल्या कापूस पिकवणाऱ्या कुळाच्या घरी जन्मले. १९३९ मध्ये त्या घरात बॅटरीवर चालणारा रेडिओ आला, आणि त्यातून आलेले गाणे ह्या मुलाच्या डोक्यातून पुढे कधी गेलेच नाही. त्यांनी टेक्सास विद्यापीठात ह्याच विषयावर प्रबंध लिहिला. १९६८ साली तो 'कंट्री म्युझिक यू. एस. ए.' ह्या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी ह्या गाण्याचा असा साधार, सलग इतिहास कोणी लिहिलेला नव्हता. अनेक कंपन्यांच्या परवानग्या मिळवून, मूळ मुद्रणेच घेऊन, प्रत्येक गाण्याखाली टिपण देऊन हा संच सिद्ध झाला. ज्या राष्ट्रीय संस्थेने आठ वर्षांपूर्वी जाझला असा मान दिला होता, तिने आता 'गावंढळां'च्या गाण्यालाही तो दिला. १९८८ पासून टाइम-लाइफ कंपनीने वर्षाला एक अशा हिशेबाने जुन्या गाण्यांचे संच टपालाने पाठवायला सुरुवात केली. ते अधिक लोकप्रिय झाले. पण तिथे विक्रीचे आकडे हाच निवडीचा मुख्य न्याय होता, मलोन ह्यांच्याकडे कान हा न्याय होता.

ह्या दोहोंपेक्षा माझा कल एका तिसऱ्याच परंपरेकडे आहे. न्यूयॉर्कच्या डेव्हिड फ्रीमनने १९६४ मध्ये काउंटी रेकॉर्ड्स काढली. तिची पहिली लाँग प्ले म्हणजे विशीतल्या डोंगरी फिडलवादकांच्या जुन्या तबकड्यांचे संकलन होते. पुढे त्याने टपाल-विक्रीचा सारा बाडबिस्तरा व्हर्जिनियातल्या फ्लॉइड ह्या चिमुकल्या गावी हलवला. जर्मनीत ब्रेमेनजवळ रिचर्ड वाइझेने १९७५ मध्ये बेअर फॅमिली ही कंपनी सुरू केली आणि २००० साली कार्टर कुटुंबाच्या मुद्रणांचा बारा तबकड्यांचा संच बाहेर काढला. व्हर्जिनियाच्या डोंगरातले गाणे समग्र ऐकायचे तर जर्मनीला पैसे पाठवायचे! ह्या लोकांनी गाजलेलेच तेवढे निवडले नाही. पडलेले, फसलेले, विसरलेले तेही ठेवले, तारखा लावल्या, वादकांची नावे शोधली.

आणि नावांचा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. कार्टर कुटुंबाची गाणी जमवायला ए. पी. कार्टर गावोगाव हिंडत. त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा एक काळा गिटारवादक असे. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेला होता. कार्टर शब्द लिहून घेत; चाल मात्र त्यांच्या ध्यानात राहत नसे. ती रिडल लक्षात ठेवी आणि घरी येऊन मेबेल कार्टरला व इतरांना वाजवून दाखवी. गाण्यांची नोंद पीअरच्या प्रकाशन कंपनीने ए. पी. कार्टर ह्या नावाने केली. सीअर्स-वॉर्डची सूचीपत्रे, सरहद्दीवरचे रेडिओ, क्लब, टेलिव्हिजनचे संच ह्या सर्वांनी तेच नाव पुढे चालवले. छापील चिठ्ठीवर जे आहे ते उतरवून घ्यायचे, एवढाच संकलनाचा अर्थ असेल तर दुसरे काय होणार? रिडलने पुढे गिटार बाजूला ठेवली आणि तो उत्तरेत न्यूयॉर्क राज्यात राहायला गेला. १९६५ मध्ये माइक सीगर ह्या गायक-संशोधकाने त्याला तिथे शोधून काढले, त्याच्या हाती पुन्हा गिटार दिली आणि पुढे काही वर्षे त्याचे गाणे मुद्रित केले. ही मुद्रणे १९९३ मध्ये राउंडर कंपनीने प्रसिद्ध केली. तबकडीवर नाव होते लेस्ली रिडल. राउंडरचा टपालाने तबकड्या पाठवण्याचा स्वतःचा विभाग होता, त्यामुळे ज्यांनी ती मागवली त्यांतल्या पुष्कळांच्या घरी ती पोस्टमननेच आणून दिली असणार. रिडल त्याच्या आधीच वारला होता.